शंभर नारळ आणि माझा दहावा हिस्सा

माझ्या आयुष्यात मी एकच शोध लावला आणि त्यात आमच्या घरचे एक्क्याण्णव नारळ गेले.

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. अलिबागेला मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास होऊन मी नागावला परतलो होतो. (गणितात मात्र पास होतो. घात तिथेच झाला.) धाकट्या बहिणीचा, शांताचा, साखरपुडा आठवड्यावर आलेला. म्हसळ्याच्या मुलाकडच्यांनी शंभर नारळ मागितले होते. एक कमी पडला तरी सोयरीक मोडेल, असा निरोप होता. ते शंभर पडवीत रचून ठेवलेले.

आमच्याकडे नारळी पुनवेला देवळापुढे नारळ लढवतात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. पणालाही नारळच. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मात कधी खेळले नव्हते, कारण त्यांना हरायची भीती. ती मी घालवली.

"अण्णा, हातात असतील त्यांचा दहावा हिस्साच लावायचा. शंभरातले दहा. हरलात तर नव्वदातले नऊ. माणूस कधी पुरता धुपत नाही, काहीतरी उरतंच. आणि जिंकलात तर डाव आपोआप वाढतो."

"कधीच धुपत न्हाय?"

"गणित आहे ते!"

दाराआड आई तांदूळ निवडत होती. ती सूप खाली ठेवून परसदारी गेली. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

लढवायचे नारळ मीच परसातून निवडले, चांगले मोठे. एक खुजा, काळपट नारळ मी बाजूला फेकला. देवळापुढे शेजारचे पांडूनाना उभे, आणि त्यांच्या हातात तस्साच खुजा नारळ! मी आणि अण्णा हसलो.

पहिल्याच ठोक्याला अण्णांचा नारळ दुभंगला. दहा गेले. मग नऊ. मग आठ. अण्णांचा चेहरा पांढरा पडत चालला.

"आता?"

"आता त्र्याहत्तर उरले. सात लावा."

"अरे, पन त्याचा फुटत का न्हाय?"

याचं उत्तर माझ्या नियमात नव्हतं. किती लावायचे ते नियम सांगत होता. लावावेत की नाही, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. सत्तावीस डाव आम्ही अगदी शिस्तीत हरलो. एखादा जुगारी तासाभरात बुडाला असता. आम्हाला बुडायला सबंध दुपार लागली. शेवटी नऊ नारळ उरले. नवाचा दहावा हिस्सा म्हणजे एक नारळही होईना, म्हणून थांबलो.

घरी येताना अण्णा एकच वाक्य बोलले, "शांताला तू सांग." पोरीचं लग्न मी गणितानं मोडलं होतं.

पडवीत पाऊल टाकलं आणि दोघेही जागीच थिजलो. पांडूनाना चटईवर बसून चहा पीत होते. शेजारी नारळ रचलेले. आई मोजत होती, "...एकोननव्वद, नव्वद, एक्यान्नव. ते नऊ हितं ठेवा."

"हे काय?" अण्णांनी नऊ नारळ खाली ठेवत विचारलं.

"कुनाशी तरी हरनारच व्हता. म्हटलं, आपल्याच मानसाशी हरा." आईने पदराआडून तो खुजा नारळ काढला. "ह्यानं फेकलेला, म्याच नानांना दिला. विहिरीजवळच्या माडाचा हाय, करवंटी दगडावानी. माज्या सासूबाईंनी ह्या माडाचे नारळ लढवून कमरेची साखळी केलती."

शांता दाराआड खुदकन हसली. मला मात्र रडू येत होतं.

संध्याकाळी पानावर बसलो. आईने मला चिमूटभर नारळीभात वाढला.

"एवढाच?"

"तुज्या वाट्याचा दहावा हिस्सा."

"अजून वाढ ना."

तिने उरलेल्याचा दहावा वाढला, पहिल्याहून कमी. तिसऱ्यांदा त्याहून कमी. माझा नियम तंतोतंत खरा ठरला: माझ्या वाट्याचा भात शेवटपर्यंत संपला नाही आणि मी उपाशी उठलो.