ट्रेसरबाई आणि गच्चीचा उतार

ट्रेसरबाईंसमोर "सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही" असं म्हणायची सोय नव्हती. त्या चहाचा कप खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "होत न्हाय, का तुला येत न्हाय? दोन्ही येगळं हाय." विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या, लोणी भापकरच्या, दहावीनंतर ट्रेसिंगचा कोर्स केलेल्या. ऐकणारी मी, डिग्री घेऊन बारामतीच्या त्या ऑफिसात नुकतीच लागलेली सिव्हिल इंजिनिअर. मला भयंकर राग यायचा.

त्यांची उमेदीची वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे उतरवण्यात गेली. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसच्या मालकांनी, आमच्या सरांनी, त्यांना फायली लावायचं काम देऊ केलं. "फायली लावायला मी आले न्हाय," म्हणून त्या थेट मशीनवर जाऊन बसल्या. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाता खाता सॉफ्टवेअरमधलं एकेक टूल उघडायच्या, त्याचे सगळे पर्याय वरपासून खालपर्यंत वाचायच्या, प्रत्येक चौकटीत खूण करून काय बदलतं ते बघायच्या. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "तुमी भिंत काढता, दार टाकता, आन् बाकीच्या बटणांकडं पाव्हण्यावानी बघता."

भिगवणजवळ एका डॉक्टर जोडप्याच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम होतं. गच्ची मशीनवर मी काढली होती. पाणी वाहून जायला उतार द्यावा तर सगळा स्लॅबच तिरका व्हायचा, खालचं छतही कलंडायचं. शेवटी मी गच्ची सपाट ठेवली आणि उताराच्या जागी बाण काढून मोकळी झाले. सगळे तसंच करायचे.

नकाशे साइटवर जायच्या दिवशी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. स्लॅबच्या थरांचा तक्ता उघडला. अगदी उजव्या टोकाला 'बदलती जाडी' अशी एक बारकी चौकट होती. मी ती शंभरदा पाहिली असेल, वाचली कधीच नव्हती. बाईंनी स्लॅबवर पाण्याच्या उतारासाठी घालतात त्या कोब्याच्या थरापुढे खूण केली. खालचा स्लॅब सपाट राहिला, फक्त कोबा उतरता झाला.

मी खूश होणार, तेवढ्यात त्यांनी जिन्याच्या दारातून उभा छेद घेतला, इमारत तिथं कापल्यावर दिसेल तसा. पाणी जायचा पाइप एका कोपऱ्यात आणि दार बरोबर समोरच्या कोपऱ्यात. उतार चढत चढत दारापाशी आला तेव्हा कोबा उंबऱ्याच्या चार बोटं वर गेला होता. दारापाशी पडणारं पावसाचं पाणी उंबरा ओलांडून जिन्यावरून थेट बाळंतिणींच्या खोलीपुढे उतरलं असतं.

सर घाईत होते. "बाण दाखवलाय ना? मिस्त्री बघून घेईल."

"मिस्त्री बघंल, तर आपण कशाला बसलोय हितं?" बाई म्हणाल्या. "मी ह्याची प्रिंट काढणार न्हाय."

"बाई, साइटवर जायची गाडी खाली उभी आहे."

"उभी ऱ्हाऊ द्या. त्या जिन्यावरनं उद्या कुणी लेकरू घिऊन उतरंल."

 सरांनी पडद्यावर वाकून दार आणि उंबरा पाहिला. मग त्यांनी गाडी परत पाठवली. आम्ही दाराजवळ दुसरा पाइप दिला, उंबरा उचलला. संध्याकाळी नवी शीट तयार झाली. 'आरेखन' या रकान्यात नेहमी इंजिनिअरचं नाव असायचं. बाईंनी तिथं स्वतःचं टाइप केलं : रशीदा मुलाणी.

"ते काढा," सर म्हणाले.

बाई खुर्चीवरून उठल्या. "काढा की. मशीन मोकळं हाय."

सरांना मशीन येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन क्लिकचं काम होतं.

"मला येत नाही, सर," मी म्हणाले.

शीट त्या नावानिशी गेली. पुढे मी इंदापूरला स्वतःचं ऑफिस काढलं. गेल्या वर्षी बाई गेल्याचं कळलं, तेव्हा लोणी भापकरला त्यांच्या घरी गेले. दारात त्यांच्या भावजयीनं विचारलं, "तुमी इंजिनिअर ना? त्या तुमच्याच हाताखाली व्हत्या का?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांच्या हाताखाली होते."