उकळलेलं पाणी

ताईला मुलगा झाला तेव्हा भावजी भोपाळला होते. मध्यभारत राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन होणार होतं. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या हलत होत्या आणि भावजींसारख्या कारकुनांना आधी जाऊन राहायची सोय बघायला सांगितलं होतं. म्हणून बाळंतपणानंतरही ताई आमच्याकडेच, किला गेटजवळच्या घरी राहिली. बारसंही भावजी येईपर्यंत थांबवलं होतं.

ताईला ताप आला आणि तिचं दूध आटलं. बाळाला डब्याचं, पाण्यात पूड कालवून केलेलं दूध सुरू झालं. आमच्या नळाला पाणी येईलच याचा भरवसा नसायचा. अंगणातल्या विहिरीला मात्र बारमाही पाणी, आजूबाजूचे सगळे तेच भरायचे. नितळ आणि चवीला गोड. भिंतीपलीकडे दूधवाल्याच्या म्हशी बांधलेल्या असत. त्यांचं शेणमूत पावसात जमिनीत मुरायचं. आम्हाला ते रोज दिसत होतं, त्याचा वासही येत होता, पण विहिरीशी त्याचा संबंध कुणाच्या मनात आला नाही.

काही आठवड्यांत बाळाचे ओठ निळसर दिसू लागले. आईनं त्याला आणखी एका दुपट्यात गुंडाळलं. डॉक्टर म्हणाले, "जन्मापासून हृदयात दोष असावा. जपा. आणि पाणी खूप उकळून द्या. जमलं तर तपासून घ्या."

वडील बाटली भरून सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे काचेची भांडी गवतात गुंडाळून खोक्यांत भरणं चाललं होतं. "अब सब भोपाल में होगा, साहब," एवढंच उत्तर मिळालं. आईनं मात्र डॉक्टरांचा शब्द मनावर घेतला. शेगडीवर पातेलं ठेवून ती पाणी निम्मं होईपर्यंत आटवायची. बाळ आणखी निळं पडत गेलं. मग त्याचं रडणंही कमी झालं.

मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होते. एका दुपारी प्रात्यक्षिकानंतर सरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "रक्त पाहिलंय का कुणी?"

"डॉक्टरांनी टाचेला टोचलं होतं. लाल नव्हतं, तपकिरी होतं."

सर खुर्चीतून उठलेच. "विहिरीचं पाणी घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

मी पाणी आणलं. त्यांनी पांढऱ्या बशीत त्याचे थेंब टाकले, वरून आम्लात विरघळवलेलं एक रसायन सोडलं. बशीत गडद निळा रंग पसरला.

"नायट्रेट आहे, भरपूर," ते म्हणाले. "म्हशींच्या मुतापासून जमिनीतले जिवाणू ते तयार करतात. तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं तर त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. घरी सांग, हे पाणी देऊ नका. उकळू तर मुळीच नका. जिवाणू मरतात, नायट्रेट तिथेच राहतं. पाणी आटलं की उलट वाढतं."

"औषध?"

"मेथिलीन ब्लू." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे त्याची बाटली होती, जिवाणूंच्या काचपट्ट्या रंगवण्यासाठी. शिरेतून देण्याजोगं शुद्ध औषध मात्र आम्हाला गावात कुठेच मिळालं नाही. मामांच्या दाल बाजारातल्या घरून नळाचं पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या मांडीवर बाळ गेलं.

भोपाळला तार केली, पण तिथल्या कचेऱ्याही या इमारतीतून त्या इमारतीत जात होत्या. भावजींना तार मिळालीच नाही. ते आपणहून आले, ताईला आणि बाळाला न्यायला. "खोली मिळाली," ते दारातूनच हसत म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "उकळल्यामुळं झालं का?"

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, आई."

"मी ते नाही विचारलं."

"उकळल्यानं वाढलं," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

मी दूधवाल्याकडे गेले, शेजारपाजारी गेले, सगळ्यांना सांगितलं. "बिटिया, हमारे तो बाप-दादा यही पानी पीते आए," दूधवाला म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मोठ्या माणसांना त्या पाण्यानं काही होत नव्हतं. विहीर चालूच राहिली. नवं राज्य झालं त्या दिवशी शाळेतून मुलं मिठाईचे पुडे घेऊन घरी येत होती, आणि आमच्या दारात ताईचं सामान टांग्यात चढत होतं.

पुढे मी रसायनं सोडून जिवाणूंकडे वळले आणि नोकरीसाठी समुद्रकाठी आले. अरबी समुद्रात खोलवर प्राणवायू जवळजवळ नसलेला एक थर आहे. तिथले जिवाणू नायट्रेट मोडतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांची जनुकं पूर्ण वाचता येऊ लागली. कोणत्या जनुकानं कोणता टप्पा पार पडतो, ते शोधण्यात माझी ती वर्षं गेली.

ताई एकदाच माझ्या प्रयोगशाळेत आली. मी तिला संगणकावर त्या जनुकांच्या अक्षरांच्या ओळी दाखवल्या, काम समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हे जिवाणू नायट्रेट काढून टाकतात?"

"हो."

"आपल्या विहिरीत नव्हते?"

"असतीलही. पण त्या पाण्यात हवा खेळती होती. हवा असली की ते हे काम करत नाहीत."

"पाणी चांगलं होतं म्हणून," ती म्हणाली.

ती पडद्यावरच्या अक्षरांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि मला विचारलं, "जेवायला कधी जायचं?"