फोनवर माझा नंबर शेवटचा

आमच्या घरात फोनवर बोलायचाही मान ठरलेला होता. नवरा फौजेत, तिकडे वर बर्फातल्या चौकीवर. तिथे मोबाइलला रेंज नाही. चौकीवरच्या एकाच फोनपुढे जवान रांग लावतात आणि प्रत्येकाला मोजकीच मिनिटं मिळतात. पिपरी मेघेतल्या आमच्या घरी त्याचा फोन आला की आधी मामाजी, म्हणजे माझे सासरे, मग सासूबाई, आणि उरलंच काही तर मी. सेवाग्रामच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर भल्याभल्यांना खडसावणारी मी, घरात मात्र रांगेत शेवटी!

मामाजी असे ओरडत, की फोन नसता तरी त्यांचा आवाज पोचला असता. "थंडी हाय का रे तिकडं?" बर्फात बसलेल्या माणसाला हा प्रश्न! मग सासूबाई. "जेवला का? काय जेवला? पोटभर जेवला ना?" माझ्या हातात फोन यायचा तो 'हॅलो'पुरता, की झाला कट. मग मी स्वयंपाकघरात भांडी आदळायची. "सरकार त्याइले उपाशी ठेवते का? दरवेळी तेच काऊन विचारता?"

"तुले नाई समजत," एवढंच त्या म्हणायच्या.

दिवाळीची सुट्टी संपवून तो गेला आणि थोड्याच दिवसांत कळलं, मला दिवस गेलेत. आनंद झाला, आणि धास्तीही वाटली, कारण आधीच्या वेळी गर्भ टिकला नव्हता. तेव्हा मी दवाखान्यात पडलेली, आणि ती बातमी त्याला भावकीतल्या कोणीतरी फोनवर सांगून टाकली. तिकडे तो एकटा कसा बसला असेल, या विचाराने मला अजून गलबलून येतं. म्हणून या वेळी ठरवलं होतं, सांगायचं ते मीच, माझ्या तोंडाने.

पण सासूबाईंचा नेम होता. "तीन महिने सरल्याबिगर शब्द काढायचा नाई. त्याले बी नाई." राग आला. पण भीती माझ्याही पोटात होतीच, म्हणून गप्प बसले.

तीन महिने सरले. रविवारी दुपारी आम्ही तिघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. रात्री सोलेभात करायचा होता. फोन वाजला. मामाजींनी सवयीने हात पुढे केला, तो सासूबाईंनी बाजूला सारला.

"थांबा वो जरासे. आज तिले बोलू द्या."

मामाजी बघतच राहिले. मी फोन घेतला. स्कूटीवरून येता-जाता किती वेळा मनात घोकलं होतं, हे म्हणायचं, मग ते म्हणायचं! त्याचं 'हॅलो' अडखळत आलं आणि मी सगळं विसरले.

"जेवले का?" मी विचारलं.

त्याने आधी "काय?" म्हणून परत विचारलं. मग, "हाव. जेवलो."

"काय जेवले?"

"डाळभात..." आणि कट.

"सांगितलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई. जेवले का, एवढंच विचारलं."

आता टोमणा येणार, आणि तो मारायचा त्यांचा हक्कच होता. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "होते तसं, माय. त्याचा आवाज ऐकला का मले तरी दुसरं कुठं सुचते?"

मग मात्र मला रडू आवरेना. किती भांडी आदळली होती मी त्या एका प्रश्नापायी!

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. असं कधीच होत नसे. मामाजींनी तो उचलून थेट माझ्याच हातात दिला.

"मागच्या जवानाच्या हातापाया पडून त्याचा नंबर घेतला," तो म्हणाला. आवाज घाबरलेला होता. "लग्नापासून तू मले कधी 'जेवले का' म्हणून विचारलं नाई. काय झालं? खरं सांग."

"घाबरू नका. चांगलंच हाय. तीन महिने झाले. तुम्ही बाप होणार."

माझं बोलणं तिकडे पोचायला नेहमीच वेळ लागायचा. आम्ही तिघं फोनला कान लावून उभे. मग त्याचं हुंदके देणं ऐकू आलं, मागून कोणीतरी हिंदीत "क्या हुआ भाई?" विचारत होतं.

शेवटी म्हणाला, "तू... तू जेवली का?"