माझ्या डाव्या हाताची तोटी

आपल्या भिंतीपलीकडच्या काकांइतकं पाण्याला वळण लावण्याच्या मागे लागलेलं दुसरं माणूस नाशकात नाही, आणि माझा अंदाज आहे की पृथ्वीवरही नसावं. तुम्ही नातवंडं सुट्टीत आलात की कुंपणाच्या भिंतीवरून ज्यांचं फक्त टक्कल आणि चष्मा दिसतो, तेच ते. पाण्याच्या नादाला त्यांच्याइतकं कोणी लागलेलं नाही, तसंच त्या नादापायी माझ्याइतकं कोणी भिजलेलंही नाही. या वयात बायका गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांच्या हकिगती लिहितात. मी मात्र तुम्हाला बागेच्या पाइपच्या टोकाला जी तोटी लावतात तिच्याबद्दल लिहिते आहे, यावरून काय ते ओळखा.

काकांचा सगळा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर गेला. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक भजनी मंडळात जातात किंवा पहाटे हातवारे करत हसायला शिकतात. काकांनी गाडी रस्त्यावर उन्हात काढली आणि गॅरेजमध्ये एक जुनं लेथ मशीन आणून बसवलं. भिंतीवर खिळ्यांना बाजारात मिळतील तेवढ्या तोट्या लटकावल्या. घोडा दाबायच्या पिस्तुलासारख्या, तोंडावरची चकती फिरवून फवारा बदलायच्या, पितळी, प्लास्टिकच्या. प्रत्येकीवर त्यांचा वेगळा राग. "ही चकतीवाली बघा, वहिनी. आठ प्रकारचे फवारे आहेत म्हणे. सातांचा उपयोग काय, हे करणाऱ्याला तरी माहीत आहे का?" असं ते इतक्या पोटतिडकीने विचारत, की ती तोटी मीच केली आहे असं वाटून मी मान खाली घालत असे. एकदा शेजारच्या गल्लीत अभिषेकाला गेलो होतो. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि हे पिंडीवरच्या पात्राच्या भोकाकडे एकटक बघत होते. शेवटी राहवलं नाही. मंत्र चालू असताना पुढे वाकून म्हणाले, "गुरुजी, आतून कड घासून घ्या. धार फाटतेय." गुरुजींनी मंत्र न थांबवता होकारार्थी मान हलवली. मी मात्र लाजेने अर्धी झाले. पण खरं सांगते, त्यानंतर माझंही लक्ष धारेकडेच होतं, महादेवाकडे नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी व्यवस्थित आहे. हे लोकांचं मत आहे आणि ते नेहमीच कौतुकाने दिलेलं नसतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे कुठलीही वस्तू आणली की खोक्यातला सूचनांचा कागद आधी वाचायचा आणि मग वस्तूला हात लावायचा, ही खोड मला लहानपणापासून आहे. बागेतल्या कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या आहेत आणि प्रत्येकीला इंग्रजीत नावाची पट्टी आहे. त्यातली काही नावं चुकलेली आहेत, पण अक्षर सुंदर आहे. आमच्याकडे कामाला येणारी सुमन कळवणकडची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, झाडांची हजेरी घ्येता काय वं?" तिला मी पाणी घालू देत नाही, कारण ती आग विझवल्यासारखं पाणी घालते. संध्याकाळी पाइप हातात घेऊन मी उभी राहते, तेवढा एक तास मला काहीही नीट लावायचं नसतं. जास्वंदीला जाड धार, फर्नला भुरभुर, आणि हे सगळं पाइपच्या तोंडावर अंगठा कमीजास्त दाबून. काकांना हे मान्य होतं. "अंगठा हीच मूळ तोटी, वहिनी. बाकी सगळ्या नकला," असं ते म्हणत.

आणि माझे अंगठेच गेले. म्हणजे जागेवर आहेत, पण त्यांच्या मुळाशी सांधा झिजला. डाव्यापेक्षा उजवा जास्त. पाइप दाबता येईना, बाजारातल्या तोटीचा घोडा ओढता येईना, पितळी तोटी पिळता येईना. तुमच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर मला दोन्ही हातांनी पाइपशी झटापट करताना पाहिलं.

"आई, कशाला हा त्रास? सगळं काढून पेव्हर ब्लॉक बसवून टाकू. गाडी लावायला जागा होईल."

"माझ्याकडे गाडी नाही," मी म्हटलं.

"मी येतो तेव्हा असते ना. बरं, दिवाळीला आलो की ठरवू."

आपल्या घरात 'तेव्हा ठरवू' म्हणजे ठरलेलं असतं. बाग गेली तर तो तास जाणार. मग संध्याकाळी मी कपाटं लावत बसणार, आणि कपाटं आधीच लावलेली आहेत.

मी हे भिंतीवरून काकांना सांगितलं. ठिबकचा पर्याय कोणीतरी सुचवला आहे, असंही म्हटलं. ते दुखावले. "ठिबक? द्राक्षबागेत ठीक आहे. घरच्या झाडांना सलाइन लावता? आजारी आहेत का ती?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, अंगठा बाद झालाय. बाग बाद झालेली नाही. दिवाळीपर्यंत मी तुम्हाला अंगठा करून देतो."

दुसऱ्या दिवशी ते मला मिसळ खायला घेऊन गेले. मिसळ हे निमित्त होतं. त्यांना पाव हवा होता. त्यांनी पावाला आरपार भोक पाडलं, त्यातून चमचा घातला आणि म्हणाले, "चमचा म्हणजे आतली दांडी. ती हलत नाही. दांडीच्या टोकाला शंकू आहे असं समजा. पाव म्हणजे बाहेरचं नळकांडं. ते स्क्रूसारख्या आट्यांवर फिरतं, पुढेमागे सरकतं. मागे आलं की शंकू तोंडात रुतून बसतो. पाणी बंद. जरा पुढे नेलं की शंकूभोवती बारीक फट पडते, पाणी त्याच्या अंगावरून पसरतं आणि छत्रीसारखं उडतं. आणखी पुढे नेलं की सरळ धार. संपली तोटी."

"मग अडचण कुठे आहे, भाऊजी?"

"आट्यांत. बारीक आटे केले तर पिळून पिळून तुमचा हात जाईल. जाड केले तर जरा वळवलं की भुरभुरीची एकदम धार होईल आणि तुमचं फर्न जाईल." त्यांनी पाव गरागरा फिरवून दाखवला. चमच्यावरची तर्री माझ्या साडीवर छत्रीसारखी उडाली. "हे असं!" ते आनंदाने म्हणाले. दुकानदार बघत होता. त्याने न मागता दुसरा पाव आणून ठेवला.

पहिली तोटी मे महिन्यात आली. तिच्याबरोबर सूचनांचा कागद नव्हता, म्हणून मीच तोंडी सूचना मागितल्या. काका म्हणाले, "काम झालं की तोटी पूर्ण बंद करत जा, म्हणजे आत माती जाणार नाही." सूचना पाळण्यात मी जन्मात कधी कमी पडलेली नाही. मी रोज तोटी पूर्ण बंद करत होते. नळाबद्दल ते काही बोलले नव्हते, म्हणून नळाला मी हात लावला नाही. चौथ्या की पाचव्या दुपारी कडक उन्हात पाइप बकरी गिळून बसलेल्या अजगरासारखा फुगला, नळाच्या तोंडावरून निसटला आणि गच्चीवरची अख्खी टाकी अंगणात मोकळी झाली. त्या दिवशी महापालिकेचं पाणी येणार नव्हतं. सुमन भांडी तशीच टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, इतकं शिकल्या तुमी, आन् नळ बंद कराया सांगावं लागतंय व्हय?" काका मात्र भिंतीवरून जवळजवळ उडी मारून आले, चिखलातून तोटी उचलली, नातवंडासारखी पुसली आणि म्हणाले, "सांधा निसटला, वहिनी! तोटी टिकली!"

मग पावसाळा आला. पावसाळ्यात बागेला पाणी घालायची गरज नसते. आम्ही घातलं. भर पावसात मी डाव्या हातात पाइप धरून आणि काका दोघांच्या डोक्यावर छत्री धरून, असे आम्ही उभे असू, आणि रस्त्याने जाणारे लोक चालण्याचा वेग वाढवत. तोट्या येत होत्या आणि जात होत्या. एकीला कुकरच्या झाकणाची मूठ होती. दुसरी इतकी जड होती की तिला धरायला उजवा हात लागे, आणि उजवाच तर चालत नव्हता. मी प्रत्येक वेळी "सुंदर आहे, पण..." असं म्हणत असे. इंग्रजी शिक्षणाने मला दिलेली ही सवय. काकांना माझ्या 'सुंदर'चा तिटकारा आला. "वहिनी, शिव्या द्या. शिवीतून काहीतरी कळतं. सुंदरमधून काय कळणार?"

नवरात्राच्या सुमारास ते सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि कणकेचा गोळा मागितला. मला वाटलं नाश्ता झाला नसेल. त्यांनी तो माझ्या डाव्या हातात दिला. "धरा. फेकायचाही नाही, दाबायचाही नाही. चेंडू द्यायला कोणी लहान मूल समोर उभं आहे असं समजून धरा." मी धरला. माझ्या वाकड्या अंगठ्याचा, बोटांच्या पेरांचा, तळव्याच्या खळगीचा ठसा कणकेत उमटला. ते तो ठसा ताटलीत ठेवून, वर रुमाल झाकून, प्रसादासारखा घेऊन गेले. सुमन पोळपाट पुढ्यात घेऊन बसली होती. "म्हंजी आज पोळी एक कमी," ती म्हणाली.

त्या ठशावरून त्यांनी नायलॉनच्या जाड कांडीतून मूठ कोरली. ती बोटांनी पिळायची नाही. सगळा तळवा तिच्यावर विसावतो आणि मनगट नुसतं झुकलं की नळकांडं वळतं. आटे जाड, पण आत स्प्रिंग आणि छोटी गोळी बसवलेली, त्यामुळे ठरावीक जागी 'टक' होतं आणि पुढे जायला ठरवून वळवावं लागतं. टक, भुरभुर. टक, छत्री. टक, धार. डाव्या हाताला सोपं जावं म्हणून आटेही उलटे. पहिल्यांदा मी ती हातात घेतली तेव्हा कोणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं. मी 'सुंदर' म्हणाले नाही. काका म्हणाले, "हं. आता ठीक आहे."

दिवाळीत तुमचे बाबा आले. फराळ झाल्यावर अंगणात गेले, हातात मोजायची टेप घेऊन. मी म्हटलं, थांब, आधी पाणी घालते. आणि मी घातलं. जास्वंदीला धार, गुलाबांच्या मुळाशी छत्री, फर्नला भुरभुर. टक, टक, टक. कॉलेजच्या तोंडी परीक्षेलाही मी इतकं जपून उत्तर दिलं नव्हतं. तुमचे बाबा टेप खिशात ठेवून म्हणाले, "बघू, मला दे." तुमचे बाबा तिकडे केवढाल्या यंत्रणा सांभाळतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तोटी उजव्या हातात घेतली, नेहमीच्या दिशेने वळवली, बंद व्हायच्या ऐवजी धार सुटली. घाईने तोटीचं तोंड वळवून बघायला गेले, तर धार स्वतःच्याच नव्या कुडत्यावर. माझ्या अंगठ्याच्या खळगीत त्यांचा अंगठा बसेना. त्यांनी डावा हात लावून पाहिला, तोही बसेना.

"आई, ही चालते कशी?"

भिंतीवरून आवाज आला, "अरे, ती आईच्या हाताची आहे. तुला हवी असेल तर कणीक घेऊन ये."

तुमचे बाबा ओलेचिंब होऊन हसत राहिले. मग माझ्या हाताकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. शेवटी म्हणाले, "म्हणजे या तोटीने दुसरं कोणी पाणी घालूच शकत नाही. मग घाल तूच." फाटकाजवळची निम्मी जागा ब्लॉकखाली गेली. आम्हा दोघांनाही थोडं हरायला हवं होतं. शेवंती आणि सदाफुली त्यात गेल्या. त्यांच्या पट्ट्या मी काढून ठेवल्या आहेत, का ते विचारू नका. पण उरलेली बाग माझी आहे, आणि संध्याकाळचा तो तासही. आता तासभर पुरत नाही एवढीच बाग आहे, म्हणून मी सावकाश घालते.

या वर्षी संक्रांतीनंतर काकांना त्यांच्या मुलीने पुण्याला नेलं. एकटे राहतात, बाथरूममध्ये पाय घसरला, पुरे झालं, असं तिचं म्हणणं आणि ते रास्तच आहे. लेथ भंगारात गेलं. नव्या घरी ते अकराव्या मजल्यावर आहेत. तिथे बाग नाही, पाइप नाही. बाल्कनीत एक तुळस आहे आणि तिला तांब्याने पाणी घालतात. फोनवर ते हे असं सांगतात, जसं कोणी आजारपण सांगावं.

मार्चमध्ये एक दिवस मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "भाऊजी, तोटी गळतेय."

"कुठून? तोंडातून की मुठीपासून?"

मी याची तयारी केली नव्हती. "दोन्हीकडून," मी म्हटलं.

"हात लावू नका. मी येतो."

मुलीने गाडी करून देते म्हटलं, तरी ते एसटीने आले. पिशवीत पाना, वायसरचा डबा आणि माझ्यासाठी आंबा बर्फी. चहा नको म्हणाले. अंगणात खुर्ची टाकून बसले, नळ सोडायला लावला, तोटी बंद करून उभी धरली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. एक थेंब पडला नाही. मी कुंड्यांच्या पट्ट्या सरळ करत होते, त्या सरळच होत्या.

"वहिनी, ही गळत नाही."

"सकाळी गळत होती."

"हं," ते म्हणाले. चष्मा वर सरकवला, नळ बंद केला, तोटी उघडली, आतलं चांगलं वायसर काढलं, तसलंच दुसरं बसवलं आणि पुन्हा आवळलं. मग पाना पिशवीत न ठेवता माझ्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "हे वायसर महिनाभरच टिकतं. पुढच्या महिन्यात पुन्हा गळायला लागेल. तेव्हा लगेच फोन करा."