शालिकरामाने कापलेली पट्टी

कळमन्याच्या धान्यबाजारातल्या शालिकराम मापाऱ्याला नातीच्या, अपेक्षाच्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातीचा जुना पुरावा हवा होता. एका वेबसाइटच्या सूचीत पणजोबाचं नाव जातीसकट सापडलं. गड्याने लगेच प्रिंट फ्रेम करून, हार घालून अर्ध्या बाजाराला दाखवली! खालची बारीक अक्षरं फ्रेममध्ये मावेनात, म्हणून ती पट्टी कापून फेकली. गाव, रजिस्टर, पान नंबर, सगळं तिथंच होतं.

जात पडताळणी कार्यालयात कारकुनाने विचारलं, "काका, हे कोणत्या रजिस्टरातलं?"

"इंटरनेटातलं गा!"

"इंटरनेट तं लय मोठं हाये. मूळ पान कुठून मागवू?"

तोवर वेबसाइट बंद पडली होती. मुदत टळली, जागा गेली. शालिकराम बाजारात सरकारला शिव्या घालतो; घरात नात अपेक्षा त्याच्याशी बोलत नाही.