पडद्यावर बाबांचा गुडघा

डेल्फिना हे नाव काही जिभेला गाठ पाडणारं नाही. पण हॉलिवूडच्या त्या कार्टून स्टुडिओत सगळ्यांनी तिची ‘डेला’ करून टाकली होती. पांढरे सुती हातमोजे घालून ती बायकांच्या खोलीत बसायची आणि पुरुषांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं पारदर्शक प्लॅस्टिकवर शाईने गिरवायची. मांजर, उंदीर, काय येईल ते. आणि तिच्याच मुलखातला मेक्सिकन माणूस आला की तो हॅटखाली झोपलेलाच. इतक्या वर्षांत मेला एकदा तरी जागा असावा! ती वैतागायची आणि गिरवायची.

एका सोमवारी नवा गठ्ठा आला. पुन्हा तेच ध्यान: ढेरपोट, मिशा, हॅट. सवयीने तिने गठ्ठा अंगठ्याखालून फर्रकन सोडला, तशी चित्रं हलू लागली. तो आळशी उठताना आधी डावा हात गुडघ्यावर दाबत होता, मग हॅट सावरत होता, मग पाय ओढत दोन पावलं टाकून थांबत होता.

अरे, हे तर बाबा! रेल्वेचा रूळ पायावर पडल्यापासून एउसेबिओ असेच उठत. रोज संध्याकाळी लेकीला न्यायला येऊन ते स्टुडिओच्या फाटकाशी पायरीवर बसत.

ती तडक चित्रकार हॅगर्टीकडे गेली.

“हे माझे वडील आहेत.”

“ओळखलंस?” तो खूश. “खिडकीतून रोज दिसतात. अगं, अशी चाल बसल्याजागी सुचत नाही!”

“ते आळशी नाहीत. त्यांचा गुडघा मोडलाय.”

“चित्रात कुठे मोडलाय? गंमत आहे गं, डेला. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“उठणं तरी बदला.”

“त्यावर संगीत बसवून झालंय.”

कपाळ! ती जागेवर परतली. तिने सगळं गिरवलं. हातून एकही रेघ हलली नाही, याचाच तिला जास्त संताप आला.

काही महिन्यांनी ते कार्टून लागलं. घरी ती सांगून थकली, भिकार आहे, जाऊ नका.

“भिकार कसं? तुझा हात लागलाय त्याला!” म्हणत बाबांनी गल्लीभर सांगितलं, इस्त्रीचा सदरा चढवला आणि रविवारी तिला त्यांच्या बॉइल हाइट्स वस्तीतल्या थिएटरात ओढत नेलंच.

पडद्यावर तो उठला. थिएटर खदखदलं. बाबाही मांडीवर थाप मारून हसले. तो दुसऱ्यांदा उठला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर आपला एउसेबिओ!”

हशा दुप्पट झाला. बाबांचा हात मांडीवरच राहिला.

“बाबा, मी त्यांना सांगितलं होतं...”

“पिक्चर बघू दे.”

कार्टूननंतरचा मोठा सिनेमाही संपला, दिवे लागले, लोक उठले. बाबा बसूनच.

“चला ना.”

“गर्दी जाऊ दे.”

गर्दी गेली. झाडूवाला त्यांच्या रांगेपाशी येऊन खोळंबला. तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

“तू हो पुढे, पोरी,” ते म्हणाले. “मी येतो. मागे वळून बघू नकोस.”