पेटीतल्या म्हशी

म्हशीकडे आमच्या दाजींइतक्या आदराने पाहणारा माणूस कोल्हापुरात झाला नाही, आणि कोल्हापुरात झाला नाही म्हणजे कुठेच झाला नसणार. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, विद्यापीठात संख्याशास्त्राचे अधिव्याख्याते. सत्तरच्या दशकात, आमच्याकडे कुणी संगणक डोळ्यांनी पाहिला नव्हता तेव्हा, म्हशीचं रूप कळल्यावर ती किती दूध देईल हे यंत्राला ओळखायला शिकवायचं, असा विषय त्यांनी पीएच.डी.ला घेतला. "व्यापारी कसा शिकला? म्हशी बघून बघूनच की. यंत्रालाबी दाखवू," म्हणायचे. खिशात शिंप्याची टेप कायम. गडहिंग्लजचा बाजार असो की कुणाची वरात, म्हैस दिसली की सायकल उभी. "पावणं, जरा शिंग मोजू काय?" एका गवळ्याने विचारलं, "मास्तर, म्हशीला सदरा शिवताय काय?" दाजी शेपटीचं माप घेत राहिले. मी मात्र ओळख नसल्यासारखा दुसरीकडे बघत होतो, हे मला आजही खुपतं.

एकेका म्हशीचं एकेक कार्ड. जाड कागदाचं, तिच्या मापांप्रमाणे भोकं पाडलेलं. ती भोकं वाचणारं यंत्र पुण्याला होतं. फार खटपटीने त्यावर एक दुपार मिळाली होती, आणि प्रबंधाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. खंडेनवमीला अक्काने कार्डांची पेटी पूजेला घेतली. पूजा मोडू नये म्हणून पेटी न उघडता तशीच बांधून दसऱ्यानंतर दाजी आणि मी पुण्याच्या एस.टी.त बसलो. पेटी दाजींच्या मांडीवर.

"काय हाय त्यात?" कंडक्टरने विचारलं.

"म्हशी."

"मग लगेज काढा की."

पुण्यात पेटी उघडली तर प्रत्येक कार्डावर ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू. कार्डं वाकलेली, एकमेकांना चिकटलेली. यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, ही आत घातली तर मशीन अडकेल. नवी करून आणा. आता वेळ दिवाळीनंतरच."

परतताना मी म्हणालो, "दाजी, अक्काला सांगायला पाहिजे."

"काय सांगायचं? एक म्हस वगळली न्हाई तिनं. इतकं नीट काम आमच्या विभागात कोण करतंय?"

घरी त्यांनी सांगितलं, मशीन बिघडलंय. अक्का म्हणाली, "बघा, पूजा केलती म्हणून कार्डं तरी सुखरूप परत आली."

मुदत गेली. दाजी डॉक्टर झाले नाहीत, आणि का झाले नाहीत हे अक्काला कधी कळलं नाही. पुढच्या खंडेनवमीला पेटी त्यांनी स्वतःच तिच्यापुढे आणून ठेवली. ती कार्डं आता कुठल्याच यंत्रात जायची नव्हती. अक्का एकेक कार्ड उचलून बोट टेकवत होती, आणि शेजारी मांडी घालून बसलेले दाजी तिला ओळख करून देत होते. "ही बिद्रीची. लई गरीब होती बिचारी. मोजताना हाललीसुदिक न्हाई."